फ्लोरिडाहून आलेली सोंगं

"ऊन कसलं, भाजतंय नुसतं," उना फोनवर म्हणाली आणि नाकाच्या शेंड्यावर साचलेला बर्फ तिने हातमोज्याने पुसला.

केबिनमागच्या टेकडीवर एकच खडक असा होता, ज्यावर उभं राहिलं की फोन लागायचा. खडकावर उना उभी होती. खाली मांडीपर्यंत बर्फात रुतलेला सेल्बी, बायको घसरली तर झेलायला म्हणून हात पसरून. उनाचं वजन आणि सेल्बीची छाती पाहता कोणी कोणाला झेललं असतं हा प्रश्नच होता.

"कसला आवाज येतोय गं आई?" पलीकडून मेल्विनाने विचारलं.

"समुद्राचा वारा. इथं सारखाच असतो."

"आणि बाबा?"

"पाण्यात उतरलेत."

हे अगदीच खोटं नव्हतं. सेल्बीच्या डाव्या बुटात पाणी शिरलं होतं.

"त्यांना म्हणावं जपून. छाती कशी आहे?"

"उत्तम," उना म्हणाली. तेवढ्यात खालून सेल्बीला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिने घाईने पुढे जोडलं, "शेजारी एक म्हातारबाबा आहेत, सिगारेटी फार ओढतात. बरं, ठेवते हं. आमची चकत्या ढकलायच्या खेळाची वेळ झाली."

स्नेलग्रोव्ह घराण्यात थापाडे पुष्कळ होऊन गेले. सेल्बीच्या आजोबांनी एकच होडी दोन भावांना विकली होती आणि दोघांच्याही लग्नात जेवून आले होते. पण फ्लोरिडाला जातो असं सांगून आपल्याच जंगलातल्या केबिनमध्ये लपून बसलेलं जोडपं मात्र घराण्यात पहिलंच.

आणि निरोप काय साधासुधा झाला होता? डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये सगळं बंटिंग कोव्ह गाव जमलं होतं. दोघांना गवताच्या टोप्या घातल्या, संत्र्याच्या आकाराचा केक कापला, पाद्रीबाबांनी उन्हावर भाषण केलं. फ्लोरिडात एक छोटं घर मार्चअखेरपर्यंत घेऊन ठेवलं होतं. त्या वसाहतीत म्हणे डोळे मिटून दगड मारला तरी आपल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्याच माणसाला लागतो. सेल्बीचा सगळा जन्म खेकड्यांच्या कारखान्यात गेलेला. त्या वाफेने छाती धरली ती धरलीच. सेंट जॉन्सच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिवाळा उबेत काढा. उनाला हो म्हणायलाच कित्येक हिवाळे लागले. दर वर्षी नाताळ तिच्या स्वयंपाकघरात, मग तिच्याविना तो व्हायचा कसा?

शेवटी एकदाची हो म्हणाली. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्ट-ओ-बास्कला पोचले, तर वाऱ्याने मुख्य भूमीवर नेणारी बोट बंद. मॉटेलात मुक्काम पडला. आज सुटेल, उद्या सुटेल म्हणता म्हणता तिसरा दिवस उजाडला, आणि उना पलंगावर उठून बसली.

"मेल्विनाला नाताळ जमायचा नाही, सेल्बी. गाडी फिरव."

सेल्बीने गाडी फिरवली. पण घरी कोणत्या तोंडाने जाणार? लोकांनी गळ्यात पडून रडून घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण. म्हणून अंधार पडल्यावर गाडी झाडांमागे उभी केली आणि दोघं केबिनमध्ये शिरली.

खरं सांगायचं तर मजेत होती. सशांना फास लावायचे, डब्यातलं दूध घालून चहा करायचा, पत्ते खेळायचे, आणि स्टोव्हमध्ये लाकूड टाकायला कोणी उठायचं यावर भांडायचं. फक्त पहाटे स्टोव्ह निवला की सेल्बीच्या छातीत शिटी वाजू लागे. ती ऐकली की उनाला वाटे, फ्लोरिडालाच जायला हवं होतं. आणि स्वयंपाकघर आठवलं की वाटे, घरीच जायला हवं. बाईने जायचं कुठे?

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, तिने पत्ते पिसता पिसता विषय काढलाच.

"चल घरी. सांगून टाकू."

"तू सांग. मी इथंच राहतो, सशांबरोबर."

"पोरं हवालदिल झाली असतील रे. माझ्याशिवाय नाताळ कसला झाला असेल?"

"झाला असेल झकास."

"माझ्याशिवाय?"

कुठे थांबावं हे सेल्बीला एवढ्या संसारानंतर नेमकं कळत असे. कळून तो कधी थांबला मात्र नव्हता. "तुझ्याशिवाय," तो म्हणाला. "बघायचंय?"

"आणि तोंड कसं दाखवायचं?"

"तोंड दाखव म्हणतंय कोण? आजपासून सोंगं निघतात."

उनाच्या हातातले पत्ते तसेच राहिले. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून सहा जानेवारीपर्यंत आमच्याकडे संध्याकाळी कोण कोणाच्या दारात कसल्या अवतारात उभं राहील याचा नेम नाही. बाई बाप्या होते, बाप्या बाई होतो. तोंडावर पडदा, पाठीला कुबड, बूट उलट्या पायांत, आणि आवाज कळू नये म्हणून बोलायचं ते श्वास आत ओढत. स्वयंपाकघरात शिरायचं, नाचायचं, घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर पडदा काढून केक आणि रम. नाही ओळखलं तर आलात तसे कोरडे परत.

"पैज लावू," सेल्बी म्हणाला. "कोणी एकाने जरी ओळखलं तरी घरी राहायचं. मरेपर्यंत फ्लोरिडाचं नाव काढणार नाही मी."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर पहिली बोट पकडायची. मार्चअखेर परत. मधे रडायचं नाही, गाडी फिरव म्हणायचं नाही."

उना हसत सुटली. "माझ्याच स्वयंपाकघरात मला कोणी ओळखणार नाही? माझ्या पोटची पोरं? सेल्बी, तू हरलास रे बाबा."

"मुद्दाम ओळख द्यायची नाही हं. खोकायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, भांड्यांना हात लावायचा नाही."

"गरजच काय?" उना म्हणाली आणि खिडकीचा लेसचा पडदा काढायला लागली.

तासाभराने केबिनमध्ये एक बुटका, कुबडा कोळी आणि एक उंच, भरगच्च छातीची बाई एकमेकांकडे बघून हसून हसून भिंतीला टेकली होती. छातीत सेल्बीचे सगळे लोकरी मोजे गेले होते. उरलेली उशी उनाच्या पाठीवर होती आणि उशीचा अभ्रा सेल्बीच्या तोंडावर.

"डावी बाजू खाली आलीय," उना म्हणाली.

"वय झालं तिचं," सेल्बी श्वास आत ओढत म्हणाला, आणि दोघं पुन्हा सुरू झाली.

*

त्याच वेळी बंटिंग कोव्हमध्ये, आईच्या स्वयंपाकघरात, मेल्विना पिठाच्या डब्यातून बटणं बाहेर काढत होती.

दोन दिवसांत तिला एक गोष्ट कळली होती. या घरातला एकही डबा त्याच्यावर लिहिलेल्या नावाचा नव्हता. साखर चहाच्या डब्यात, चहा बिस्किटांच्या, आणि पीठ कुठे होतं ते फक्त उनाला माहीत. तरी मेल्विनाने झाड सजवलं, खारं मांस आणि कोबी शिजवला, सगळ्यांना जेवू घातलं, आणि आज तर फडक्यात बांधून पुडिंग पातेल्यात सोडलं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. आजवर ती या स्वयंपाकघरात फक्त बटाटे सोलत आली होती.

"बटाटे आई असे करत नाही," तिचा धाकटा भाऊ हेडली म्हणाला. अल्बर्टातल्या तेलाच्या कामावरून तो सुट्टीला आला होता आणि मांडीवर अकॉर्डियन घेऊन बसला होता. हे वाक्य तो कालपासून प्रत्येक पदार्थाला लावत होता.

"मग खाऊ नकोस."

"खाल्ले मी. फक्त सांगतोय."

"तीनदा घेऊन खाल्लेस आणि मग सांगतोयस."

स्टोव्हशेजारच्या खाटेवर एफी आत्या विणत बसली होती. सेल्बीची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कानाने तिखट आणि जिभेने त्याहून. "मी पहिल्यापासून सांगत होते," ती म्हणाली. "म्हातारपणी माणसाने आपल्या घरात मरावं. संत्र्याच्या झाडाखाली नाही."

"मरायला नाही गेलेत आत्या. बरं वाटावं म्हणून गेलेत."

"उद्या मी फोन करतो," हेडली म्हणाला. "म्हणतो, या परत. आत्याला बरं नाही."

"मला काय झालंय?"

"होईल काहीतरी."

आत्याने विचार केला. "कंबर म्हण. कंबर खरी आहे."

"आणि मी काय इथं मेलेय?" मेल्विना म्हणाली. "तुम्हाला जेवायला मिळालं नाही का? बाबांची छाती तुम्ही ऐकली नाहीत? मागच्या फेब्रुवारीत रात्रभर उशीला टेकून बसायचे. तू होतास तेव्हा, हेडली?"

"ते खरं गं. पण आई नाही तर घर कसं रिकामं रिकामं वाटतंय."

"आम्ही इतके जण आहोत."

"हो, पण आई नाही."

मेल्विनाचा नवरा गार्लंड भांडण लागलं की लाकडं आणायला बाहेर जायचा. आत्ताही गेला. या घरात लाकडं कधी कमी पडली नाहीत त्याचं कारण तेच. मेल्विनाने पातेल्यावरचं झाकण सारखं केलं. एकाविरुद्ध दोघं, आणि जी नाही ती तिसरी. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता. कारण आईची आठवण तिलाही येत होती, हेडलीपेक्षा जास्तच. पण ते बोलून दाखवलं असतं तर फोन आजच गेला असता.

दारावर काठी आपटली. पाठोपाठ आत ओढलेल्या श्वासातला एक चिरका आवाज.

"सोंगं घेता का आत?"

"घेतो, घेतो," हेडली उठलाच. भांडण तिथल्या तिथं विरलं.

*

पडद्याआडून उनाला आपलं स्वयंपाकघर भोकाभोकांतून दिसत होतं. आधी तिने स्टोव्ह पाहिला. तापलेला होता. मग जमीन पाहिली. पुसलेली होती. मग किटली पाहिली, ती भलत्याच बाजूला होती. उनाला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचं वाईट वाटलं.

"अरे वा," हेडली कुबड्या कोळ्याभोवती फिरत म्हणाला. "हा पाइकांचा मॅक्स. नाही?"

कोळ्याने मान हलवली.

"आणि ह्या बाई कोण? काय थाट आहे." त्याने बाईच्या छातीला बोटाने टोचलं. डावी बाजू पोटावर उतरली. "माफ करा बाई. हा तर पोस्टातला वॉलेस असणार. एवढं उंच दुसरं कोण आहे?"

बाईने लाजून पदर असल्यासारखं अंगाभोवती झगा ओढून घेतला. उनाला पडद्यामागे जीभ चावावी लागली.

गार्लंड लाकडं घेऊन आला. हेडलीने अकॉर्डियन त्याच्या हातात कोंबला आणि बाईला कमरेला धरून नाचायला ओढलं. बापलेक स्वयंपाकघरभर घुमू लागले. सेल्बी एकेकाळी या गावातला एक नंबरचा नाचणारा होता आणि बायकांची पावलं त्याने आयुष्यभर समोरून पाहिली होती. आज ती सगळी त्याने वापरून घेतली.

"तुमच्यासारखी बाई अल्बर्टात बघायला मिळत नाही," हेडली म्हणाला.

"मेल्यांचं नशीब," बाई आत श्वास ओढत म्हणाली.

हेडली खदाखदा हसला. गिरकी घेताना तो कोळ्याजवळून गेला आणि ओरडून म्हणाला, "आमची आई या वर्षी इथं नाही, वाचलात. नाहीतर तिने अर्ध्या मिनिटात तुमचे पडदे ओढले असते."

उनाच्या अंगावर रोमांच उभे राहिले. अरे माझ्या राजा, ती मनात म्हणाली, मग तू का नाही ओढत? बघ ना जरा नीट. नऊ महिने पोटात ठेवलं, एकोणीस वर्षं मोजे रफू केले, आणि हा मला मॅक्स पाइक म्हणतो. मॅक्स पाइक तर आंघोळसुद्धा करत नाही.

तीन फेऱ्या झाल्या आणि बाई खाटेवर धपकन बसली. नेमकी एफी आत्याच्या शेजारी.

आत्याने सुया थांबवल्या. दारातून आत येताना या बाईची चाल पाहून ती एकदा चपापली होती, पण सेल्बी तर फ्लोरिडात, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. आता तिने कान दिला. अभ्र्याच्या आत बारीक, लांब शिटी वाजत होती. श्वास आत जाताना एक, बाहेर येताना दोन. ती शिटी तिच्या ओळखीची होती. गेल्या फेब्रुवारीत ती याच घरात आठवडाभर राहिली होती आणि जिन्याखालच्या खोलीत पडून तिने ती ऐकली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, वारा आहे. वारा आहे असं वाटून घेणं सोपं होतं.

म्हणजे गेलेच नाहीत, तिच्या लक्षात आलं. आणि थंडीत कुठेतरी बसलेत मूर्ख. आणि उद्या माझी कंबर दुखतेय म्हणून हे इथंच राहणार.

"थांबा बाई, दम लागला तुम्हाला," ती मोठ्याने म्हणाली. "रमचा घोट देते. नियम गेला खड्ड्यात." ग्लास घेऊन तिने अभ्रा नाकापर्यंत वर केला. सेल्बीची हनुवटी, बापाच्या हनुवटीसारखीच, तिच्यासमोर आली. आत्या कानाशी झुकली.

"बोट परवा सकाळी सुटतेय. आत्ताच रेडिओवर सांगितलं," ती पुटपुटली. "गप्प बस. पी आणि चालता हो."

सेल्बी प्यायला. त्याला ठसका लागला, तो त्याने कसाबसा आत ओढला.

"कोण आहे गं आत्या?" हेडलीने विचारलं.

"मला काय ठाऊक? कोणीतरी परका दिसतोय. खाडीपलीकडचा असेल." आत्याने सुया पुन्हा उचलल्या. "आणि हे बघ हेडली. उद्या फोनबिन काही करायचा नाही."

"का? मघाशी तर कंबर..."

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय? मेल्विना म्हणते ते बरोबर आहे. त्यांना राहू देत तिकडे. आणि बटाटे चांगले झाले होते."

हेडली बघतच राहिला. मेल्विनाही बघत राहिली. आत्याने आजवर कोणाच्या बटाट्यांना चांगलं म्हटलेलं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. मेल्विनाची नजर आत्यावरून खाटेवरच्या बाईवर गेली, आणि तिथून स्टोव्हजवळ उभ्या असलेल्या बुटक्या कोळ्यावर.

पातेल्याचं झाकण थडथडत होतं. कोळ्याचं त्याच्याकडे लक्ष होतं. तो एक पाऊल पुढे आला, थांबला, आणि त्याने आपले दोन्ही हात कुबडामागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. एका हाताने दुसऱ्याला आवरावं तसे.

मेल्विनाने ते हात पाहिले. या गावात झाकणाशी असं भांडण एकाच बाईचं होतं.

आई, असं तिच्या अगदी ओठावर आलं. तिला तो पडदा ओढावासा वाटला, त्या कुबडाला, उशीसकट, मिठी मारावीशी वाटली, आणि फ्लोरिडातल्या उन्हाबद्दल चार शब्द ऐकवावेसेही वाटले. कसला तो समुद्राचा वारा. कसले ते सिगारेट ओढणारे म्हातारबाबा. हसू तिच्या गळ्यापर्यंत आलं. पण ती बोलली नाही. पडदा निघाला की एप्रन आईच्या अंगावर चढणार, किटली जागेवर जाणार, रात्रीपर्यंत बॅगा उघडणार. बाबा फेब्रुवारीत पुन्हा उशीला टेकून बसणार. आणि ती स्वतः पुन्हा बटाटे सोलणार, हेही तिने स्वतःपासून लपवलं नाही. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीचं उत्तर एकच होतं.

ती पातेल्याशी गेली. झाकण उचललं. वाफेत फडक्याचा गोळा गदगदत होता. पुडिंग झालं की नाही हे तिला खरंच कळत नव्हतं, आणि घरात ते कळणारं एकच माणूस होतं.

"काय हो पाहुणे," ती हळूच म्हणाली. "झालं असेल का हे?"

कोळ्याने पडदा पातेल्यावर झुकवला. वास घेतला. मान हलवली. मग हातमोजा घातलेला पंजा भिंतीवरच्या घड्याळाकडे नेला आणि हवेतच मोठा काटा पाव तास पुढे सरकवला.

"आभारी आहे," मेल्विना म्हणाली आणि झाकण लावलं.

"मेल्विना, तू सांग," हेडली ओरडला. "घरधनिणीचा शेवटचा अंदाज. नाहीतर हरलो आपण."

आजवर घरधनीण म्हटल्यावर सगळे उनाकडे बघत. आता सगळे मेल्विनाकडे बघत होते. पडद्याआड उनासुद्धा. तिने श्वास रोखून धरला होता. हेडलीला नाही कळलं, ठीक आहे, पुरुषच तो. पण ही ओळखेल. आत्ता ओळखेल.

मेल्विना अगदी जवळ आली. लेसच्या भोकांतून आत दोन डोळे दिसत होते, ओले. तिने तिकडे फार वेळ पाहिलं नाही.

"क्लिफर्ड," ती म्हणाली. "वरच्या आळीतला."

कोळ्याने मान हलवली. जरा उशिराने.

"मग हरलो आम्ही," मेल्विना म्हणाली. "जा बाबांनो. जपून जा, बाहेर घसरडं झालंय."

*

मासे खारवायच्या जुन्या शेडमागे त्यांनी बर्फावरून पळणारी आपली स्किडू उभी केली होती. तिथपर्यंत सेल्बी नाचत गेला, जेवढं छातीने जाऊ दिलं तेवढं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "एकानेही नाही. ठरलं म्हणजे ठरलं, उना."

"क्लिफर्ड," उना म्हणाली. तिने पडदा डोक्यावर टाकला होता आणि तिचं तोंड रागाने लाल झालं होतं. "माझ्या पोटची पोर मला क्लिफर्ड म्हणते. त्याला मिशा आहेत."

"पडद्यातून कशा दिसणार?"

"नाहीयेत त्या मला, म्हणून दिसत नाहीत. आणि तुझी बहीण. सत्तर वर्षं तुला बघतेय आणि म्हणते खाडीपलीकडचा. किटली डाव्या बाजूला ठेवलीय, पाहिलीस? पुडिंग तर काढायलाच निघाली होती कच्चं. बरं तरी मला विचारलंन..."

ती चालता चालता थांबली.

सेल्बी दोन पावलं पुढे गेला आणि वळला. "काय झालं?"

सोंगाला कोण विचारतं पुडिंग झालं का म्हणून? सोंगाला रम देतात, टोचतात, नाचवतात. स्वयंपाकातलं त्याला काय कळणार? आणि क्लिफर्डला तर चहासुद्धा करता येत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

उनाच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. ओळखलं होतं पोरीने. ओळखून विचारून घेतलं, आणि मग दार उघडून धरलं. घरात राहायला एक शब्द पुरे होता आता. पैज तिने जिंकली होती. सेल्बी, ओळखलं तिने, एवढंच म्हणायचं, की किटली उजवीकडे, एप्रन अंगावर, सगळं जिथल्या तिथं.

शेडच्या आडोशाला वारा नव्हता. सेल्बीची शिटी स्पष्ट ऐकू येत होती.

"काही नाही," उना म्हणाली. "बुटात बर्फ गेला."

"खरंच कोणी ओळखलं नाही ना तुला?" सेल्बीने विचारलं. त्याचा आवाज जरा चाचरला.

"नाही. तुला?"

"मला कोण ओळखणार, या छातीसकट?" त्याने मोजे सारखे केले. मग स्किडूवरचा बर्फ झाडता झाडता म्हणाला, "बोट परवा सकाळी सुटतेय."

"हो? तुला कसं कळलं?"

सेल्बीचा हात थांबला. केबिनमधल्या रेडिओची बॅटरी मॉटेलातून परतल्या दिवशीच संपली होती, आणि टेकडीवरून फोन करायची ती फक्त उना. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने अभ्रा हळूच पुन्हा तोंडावर ओढून घेतला.

उनाला खाटेवरचा तो रमचा ग्लास आठवला, झुकलेली आत्या आठवली. मोजे रफू करणाऱ्या बाईला दोन टाके जुळवायला वेळ लागत नाही. ती स्किडूला धरून हसायला लागली. अभ्र्याच्या आत तोही हसायला लागला, मग खोकायला, आणि खोकता खोकता पुन्हा हसायला. तिने त्याची पाठ चोळली. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

"परवा सकाळी म्हणजे उद्या पहाटेच निघायला हवं," ती डोळे पुसत म्हणाली. "सरक पुढे. आणि उद्या गाडी मी चालवते."